रहिवासाचा दाखला

(आदिवासी विद्यार्थी मदतनिधीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वर्षे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतो. सुट्टीवर आलो की मंडळीतील कोणीतरी हमखास विचारते, "तिकडच्या आदिवासी मुलांना कॉलेज फुकट असते म्हणे, खरे का?" आज त्याचे उत्तर देतो, कारण ते आपल्या कामाशी जोडलेले आहे.

तिकडे सरकारी विद्यापीठांत फीचे दोन दर असतात. एक राज्यातल्या रहिवाशाला, दुसरा बाहेरच्याला. आणि बाहेरच्याचा दर कित्येकदा दुप्पट-तिप्पट असतो. कोलोरॅडोत रहिवासी ठरायला वर्ग सुरू होण्याआधी सलग 12 महिने तिथे कायमचे घर असावे लागते. नुसती खोली घेऊन शिकायला राहिलात तर ते धरत नाहीत. राज्याचा वाहन परवाना, मतदार नोंदणी, राज्याचा आयकर भरल्याचा पुरावा, असे कागद तपासतात.

नियम सरळ वाटतो. पण ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांत आणि माळांवर राहिले, त्यांचे काय? शायान आणि अरापाहो लोकांना तिथून हुसकावून ओक्लाहोमा, वायोमिंग, मोंटाना इथल्या राखीव प्रदेशांत नेले. बऱ्याचशा यूट लोकांना युटाह राज्यात धाडले. त्यांची नातवंडे आज कोलोरॅडोत शिकायला आली, तर कागदोपत्री तीच बाहेरची! 2021 मध्ये राज्याने कायदा केला, की ज्या मान्यताप्राप्त जमातींचे कोलोरॅडोशी ऐतिहासिक नाते आहे, त्यांच्या मुलांना, ती कुठेही राहत असली तरी, रहिवाशाचाच दर लावावा.

याच्याही पुढची गोष्ट ड्युरँगो गावच्या फोर्ट लुईस कॉलेजची. मूळची ती लष्करी छावणी. मग केंद्र सरकारने तिथे आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. अशा शाळांनी मुलांना आईबापांपासून आणि मायबोलीपासून तोडले. त्या शाळेत मुले दगावल्याच्या नोंदी राज्याच्या 2023 च्या अहवालात आहेत. तिकडच्या अशा काही शाळा चर्चनेही चालवल्या. वसतिगृहे चालवणाऱ्या आपण हे विसरू नये.

1911 मध्ये केंद्र सरकारने ती जागा राज्याला दिली. अट अशी, की तिथे शिक्षणसंस्था चालवावी आणि आदिवासी विद्यार्थ्यांना बिनफीचे, इतरांच्या बरोबरीने घ्यावे. साठ वर्षांनी, 1971 मध्ये, राज्याने ही सवलत फक्त कोलोरॅडोच्या रहिवाशांपुरती ठेवायचे ठरवले. प्रकरण न्यायालयात गेले. 1973 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला: अट मान्य करून जागा घेतली आहे, आता ती एकतर्फी बदलता येणार नाही. आजही तिथे कितीतरी राज्यांतून, शंभराहून अधिक जमातींची मुले येतात.

तेव्हा "फुकट असते का?" याचे माझे उत्तर असे: सगळीकडे नाही. आणि जिथे आहे तिथे ती खैरात नाही, जमिनीच्या बदल्यात दिलेला शब्द आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. महाराष्ट्रात डोमिसाइल दाखल्यासाठी साधारणपणे 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. मेडिकलच्या राज्य कोट्याला तो दाखला लागतो. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला. नंदुरबारकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पोर कधी इकडच्या शाळेत, कधी तिकडे, कधी कुठेच नाही. बारावीला चांगले गुण मिळतात आणि प्रवेशाच्या तोंडावर एक कागद कमी पडतो. हक्क असतो, पण हातात येत नाही.

आपण मुलांच्या फीसाठी उदारपणे देता, त्याबद्दल देवाचे आभार. माझी विनंती एवढीच, की थोडी मदत कागदांसाठीही राखून ठेवा. तहसीलला जायचे एसटीचे भाडे, झेरॉक्स, बापाची बुडालेली एका दिवसाची मजुरी, हा खर्च पावतीवर क्षुल्लक दिसतो. पण त्यातून मिळालेला दाखला त्या मुलाची कितीतरी वर्षांची फी वाचवतो. आणि मंडळीत निवृत्त कारकून, शिक्षक, तलाठी असतील, तर त्यांनी आठवीपासूनच एकेका मुलाची फाइल तयार करायला घ्यावी. बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

प्रभू आपल्या कामास यश देवो.