दडी मारणं म्हणजे बसून राहणं नव्हे

श्रोतेहो, मला पाच मिनिटं दिली आहेत, त्यातलं अर्धं मिनिट आई-वडिलांसाठी. आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्यात पैसे लावायचे नसतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी घातली, ते प्रकरण निराळं. तेव्हा पोराच्या हातातला लॅपटॉप लगेच हिसकावू नका.

आता पोरांनो, तुमच्याकडे वळतो. 'बीजीएमआय' आणि 'फ्री फायर' या गोळीबाराच्या खेळांवर तुमची बोटं कशी पळतात ते सगळ्या बीडला माहीत आहे. दिसला की उडव! पण तुमच्यातल्या काहींनी 'इनव्हिजिबल, इंक.' लावलाय म्हणे, आणि त्याचा मला खरंच आनंद आहे. कॅनडातल्या क्ले एंटरटेनमेंटनं २०१५ साली काढलेला हा खेळ. साल २०७४, बड्या कंपन्यांचं राज्य, आणि आपले दोन-चार हेर त्यांच्या इमारतीत गुपचूप शिरून तिजोऱ्या उघडणार. एक पाळी आपली, एक पहारेकऱ्यांची.

पण तुम्ही खेळता कसे? गोळीबाराची सवय सुटली की थेट दुसरं टोक गाठता. दाराआड जाऊन बसता. पहारेकरी येतो, जातो, पुन्हा येतो, आणि तुम्ही आपले 'पाळी संपवा' दाबत राहता. कुणी पाहिलं नाही म्हणून खूश! अरे, दडी मारणं म्हणजे बसून राहणं नव्हे.

कोपऱ्यातला अलार्म बघा की. कुणी पाहो न पाहो, प्रत्येक पाळीला तो एक घर पुढं सरकतो. पाच घरं झाली की एक पायरी वर, आणि अशा पायऱ्या सहा. आधी जादा कॅमेरे चालू होतात, मग यंत्रांची कुलपं कडक होतात, आणि पुढं पुढं बंदोबस्ताला नवे, तगडे पहारेकरी येतात. म्हणजे तुम्ही सुरक्षित बसलाय असं वाटतं, तेव्हाच इमारत तुमच्याविरुद्ध जागी होत असते.

माजलगाव, गेवराईकडच्या मंडळींना हे पटकन कळेल. रात्रीची लाईट आहे, मोटर चालू आहे, उसाला पाणी द्यायचंय. दारं धरून उभा असलेला माणूस बांधावर टेकला आणि जरा डोळा लागला, तर मोटर थांबते का? लाईट ठरल्या वेळी जाणार, विहीर उपसत जाणार, आणि पाणी भरलेल्या सरीतून उतू जाऊन शेजाऱ्याच्या रानात शिरणार. आता अंधारात उगाच धावत सुटलात तर भलतंच दारं फुटतं, हेही खरं. म्हणून आधी बॅटरी मारून सरी कुठवर भरली ते बघायचं आणि मग फावडं घालायचं. खेळात बॅटरीच्या जागी डोकावणं आहे. दाराशी, कोपऱ्याशी उभं राहून पलीकडं डोकावता येतं. त्याला एका पावलाएवढी चाल खर्च होते. तेवढी वाचवायला जाता आणि सरळ पहारेकऱ्याच्या पुढ्यात निघता!

आणखी एक. पहारेकऱ्याला झटका देऊन पाडलंत, तर तो काही पाळ्यांनी शुद्धीवर येतो. एखादा हेर त्याच्या उरावर बसून राहिला तरच तो पडून राहतो. कच्च्या मातीनं बुजवलेलं दारं तसंच असतं. वर पाय रोवून कुणी उभं असेल तोवर टिकतं. पण तो माणूस मग दुसऱ्या सरीच्या कामाचा राहत नाही. दोनच माणसं आणि त्यातला एक अडकलेला! म्हणून दिसला पहारेकरी की पाड, हा मोह आवरा. त्याला चुकवून जाता येत असेल तर जा. आणि जीवच घेतलात तर अलार्म आणखी चढतो.

ऐकताय ना? पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं. डोकावून बघायचं आणि निघायचं. नुसतं बसायचं नाही. मोबाईलवर 'हिटमॅन गो' खेळला असेल कुणी, २०१४ चा. त्यात तर उभं राहायची सोयच नाही, तुम्ही हललात की पहारेकरी हलतात. तो खेळ आधी खेळा, बसायची खोड मोडेल.

दिसलात म्हणजे संपलात असंही नाही. पहारेकरी आधी नेम धरतो. त्याच पाळीत आडोशाला सरकलात तर गोळी सुटत नाही. हे न कळून कितीजण डाव अर्ध्यात सोडतात! पाळी मागं नेण्याचीही सोय आहे, पण मोजक्याच वेळा, आणि ती पहिल्याच खोलीत उधळून टाकता तुम्ही. ती कधी वापरायची, याचा एक हिशोब आहे... तो सांगायला आता वेळ नाही. सगळ्या मोहिमेला मिळून बहात्तर तासच असतात, एका शहरातून दुसऱ्या शहरात जायलाही त्यातलेच तास जातात, म्हणून कोणती इमारत आधी घ्यायची... तेही राहिलं. काचेपलीकडून हात हलतोय.

पहिल्यांदा सोप्या पातळीवर खेळा, त्यात कसली लाज.