युद्ध, देशांतर आणि लेखकाची भाषा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 विषयाची निवड आपण माझ्यावर सोपविली आणि मी पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये वास्तव्य करणाऱ्या परदेशी लेखकांचा विषय घेतला. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर पॅरिसचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. परंतु घर, गाव आणि भाषा मागे ठेवून दूर राहणाऱ्या माणसाच्या हातून कोणते साहित्य घडते, हा प्रश्न आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याचे एक ठसठशीत उत्तर त्या काळच्या पॅरिसमध्ये सापडते.

२८ जुलै १९१४ रोजी पेटलेले ते युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. नव्वद लाखांहून अधिक सैनिक त्यात मृत्युमुखी पडले. जगाला सुसंस्कृतपणाचे धडे देणाऱ्या राष्ट्रांनी एकमेकांवर विषारी वायू सोडला. प्रगतीवरचा एकोणिसाव्या शतकाचा भोळा विश्वास खंदकांच्या चिखलात रुतला, आणि त्याबरोबर त्या विश्वासाची अलंकारिक भाषाही निरुपयोगी झाली. नव्या लेखकांपुढचा खरा पेच हा होता.

ते पॅरिसलाच का जमले, याला एक व्यवहारी कारणही आहे. युद्धाने फ्रान्सचे चलन खिळखिळे केले होते. युद्धापूर्वी एका डॉलरला पाचाच्या आसपास फ्रँक मिळत. जुलै १९२६ मध्ये हा भाव पन्नाशीच्या घरात गेला. अमेरिकन वृत्तपत्राला बातमीपत्रे धाडून तरुण लेखकाला तेथे संसार चालविता येई. वाङ्मयाच्या इतिहासात ध्येयांची चर्चा फार आणि हिशेबाची थोडी होते, म्हणून याचा उल्लेख केला.

गर्ट्रूड स्टाइन ही अमेरिकन लेखिका १९०३ पासूनच तेथे राहत होती. युद्धाने घडविलेल्या तरुणांना मिळालेले ‘हरवलेली पिढी’ हे नाव तिच्यामुळेच रूढ झाले. दुसरी अमेरिकन स्त्री सिल्व्हिया बीच. तिने १९१९ मध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे इंग्रजी पुस्तकांचे दुकान काढले. विक्रीबरोबर वर्गणी घेऊन पुस्तके वाचावयास देण्याची सोयही तेथे होती. परमुलखातील वाचनालय हे भाषेचे घर कसे बनते, हे या सभागृहात निराळे सांगावयास नको.

या दुकानाच्या वाचकांपैकी एक होता अर्नेस्ट हेमिंग्वे. १९१८ मध्ये रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर काम करीत असता, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, तो इटलीच्या आघाडीवर उखळी तोफेच्या माऱ्यात जबर जखमी झाला. १९२१ च्या अखेरीस तो पॅरिसला आला. तेथे त्याने लिहिलेल्या एका दीर्घ कथेत युद्धावरून परतलेला तरुण अमेरिकेतील मिशिगनच्या नदीवर एकटाच मासे पकडतो. तंबू ठोकणे, कॉफी उकळणे, गळ टाकणे, एवढेच त्यात घडते. युद्धाचा उच्चारही नाही. परंतु त्या माणसाच्या प्रत्येक सावध हालचालीत युद्ध आहे. पुढे १९२९ च्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीतील नायकाला गौरव, बलिदान असले शब्द ऐकताना संकोच वाटतो. गावांची नावे, पलटणींचे क्रमांक आणि तारखा यांनाच आता काही प्रतिष्ठा उरली आहे, असे त्याला जाणवते.

हे वाचताना मला आपल्याकडील शिलालेख आठवतात. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान परत आले नाहीत. महाराष्ट्रातील अनेक गावांत अशा पाट्या आहेत: गावातून किती माणसे महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी किती मेली, एवढाच मजकूर. हेमिंग्वेला जी भाषा शोधावी लागली, ती या दगडांवर अगोदरच कोरलेली होती. त्यांच्यामागची कादंबरी मात्र आपल्याकडे पुरेशी लिहिली गेली नाही, ही रुखरुख वाटते.

आता जेम्स जॉइसकडे वळू. १९०४ मध्ये त्याने आयर्लंड सोडले. तो ऑस्ट्रियाच्या अमलाखालील त्रिएस्ते शहरी राहत असता युद्ध सुरू झाले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून तो तेथे शत्रुपक्षाचा ठरला आणि १९१५ मध्ये तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला गेला. पुढे १९२० मध्ये पॅरिस. या भटकंतीत त्याने ‘युलिसिस’ लिहिली. विषय काय? १६ जून १९०४ या एका दिवसाचे डब्लिन! अमेरिकेत ती क्रमशः छापणाऱ्या नियतकालिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा सिल्व्हिया बीचने आपल्या दुकानातर्फे २ फेब्रुवारी १९२२ रोजी ती प्रसिद्ध केली.

या लेखनाची एक हकीकत मला फार मोलाची वाटते. पॅरिसहून जॉइस आपल्या डब्लिनमधील मामीला पत्रे लिहून बारीकसारीक माहिती विचारी. अमुक रस्त्यावरील सात नंबरच्या घराचा कठडा ओलांडून सामान्य माणसाला इजा न होता खाली उतरता येईल काय, असे त्याने १९२१ मध्ये विचारले. दूर गेलेल्या माणसाची आठवण धूसर होते आणि त्या धूसरतेलाच तो प्रेम समजू लागतो. जॉइसने ती सवलत घेतली नाही. त्याचे प्रेम कठड्याची उंची विचारणारे होते.

परंतु देशांतराने शहाणपण येतेच असे नाही. एलियटच्या १९२२ मधील ‘द वेस्ट लँड’ या काव्यावर साक्षेपी संस्कार करणारा एझ्रा पाउंड पुढे इटलीत मुसोलिनीचा पुरस्कर्ता झाला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने नभोवाणीवरून त्या राजवटीचा प्रचार केला. भाषेचा कान तयार असूनही विवेक बहिरा राहू शकतो. याच दुसऱ्या युद्धाने ते पॅरिसही मोडले. जर्मन अमलात १९४१ मध्ये सिल्व्हिया बीचचे दुकान बंद पडले. जॉइसने पुन्हा झुरिक गाठले आणि जानेवारी १९४१ मध्ये तेथेच देह ठेवला.

या उलथापालथीची झळ मराठीलाही लागली. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली हेर्टा भेटतात. त्याला उतरावयास मुंबई आहे. तिला आपला म्हणावा असा देशच उरलेला नाही. स्वेच्छेने घर सोडणे आणि घरातून हुसकले जाणे यांतील अंतर इतक्या थोड्या पानांत क्वचितच कोणी दाखविले असेल. विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये राहून आलेल्या मर्ढेकरांनी १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये युद्धोत्तर यंत्रयुगाची भग्नता मराठीत आणली. त्यांच्यावरही अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. जुन्या शब्दांचा गोडवा नाकारणाऱ्याला दोन्हीकडे कचेरीची पायरी चढावी लागली.

मित्रहो, आपण कोणत्या युद्धातून पळून येथे आलो नाही. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात नोकरीसाठी आलो आणि येथलेच झालो. तरीही या लेखकांकडून घेण्यासारखे एक आहे. गणेशोत्सव आणि संक्रांत यांपुरती राहिलेली मराठी बरणीतल्या मुरंब्यासारखी टिकेल, पण वाढणार नाही. या शहरातील पाऊस, येथली बाजारपेठ, येथल्या शेजाऱ्यांची सुखदुःखे मराठीत उतरली, तरच ती येथे राहते असे म्हणता येईल.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. पन्नास वर्षांचा इतिहास लिहाल तेव्हा ‘उज्ज्वल परंपरा’, ‘निःस्वार्थ सेवा’ हे शब्द जरा बेताने वापरा. आपल्यातील वृद्ध मंडळींकडे बसा आणि विचारा: कोणत्या साली, कोणत्या गाडीने आलात? पहिली खोली कोठे मिळाली, भाडे किती होते? पहिले मराठी पुस्तक कोणाकडून वाचावयास आणले? गावाची नावे, आकडे आणि तारखा नीट लिहून ठेवा. सांगणारी माणसे आज आहेत. हीरकमहोत्सवाला त्यांतील कितीजण असतील, हे कोणी सांगावे?