दिव्याचं फाटक

मुंब्र्यात राहणाऱ्यांना दिव्याचं फाटक माहीत नाही असं होणार नाही. तिथे वर्षानुवर्षं लोकल रखडल्या, त्याचं कारण साधं आहे. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. प्रोग्राममध्ये आम्ही अट घालतो ना, तसंच. दांडा खाली येताना बाईक घुसवणारा ती अट पूर्णच होऊ देत नाही. तो दोन मिनिटं वाचवतो. भरलेली लोकल उभी राहते.

मानवरहित फाटकावर तर ही अटही नसते. २०१८ मध्ये कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली १३ मुलं तशीच गेली. ब्रॉडगेजवरची तशी फाटकं २०१९ मध्ये संपली. आता गेटमन आहे, दांडा आहे. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या, इंजिन बंद करा.