बॅटरीचं बटन उघडताना

मी राजूरहून बोलतेय, वणी तालुक्यातल्या. आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आत टाकतो ते सेल. आज बोलायचं आहे या बॅटरीच्या शेपटाकडल्या बटनाबद्दल.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातली एक ताई रात्री लाईन गेली म्हणून बॅटरी घेऊन अंगणात निघाली. बटन दाबलं, उजेड नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा क्षणभर लागली, आणि उंबऱ्याबाहेर मण्यार दिसली. ताई मागे सरली, वाचली. मण्यार रात्रीच फिरते, आणि तिचा चावा कित्येकदा जाणवतही नाही. म्हणून बॅटरी बंद पडणं ही साधी गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी ती बॅटरी मी हाती घेतली. पकडीनं स्प्रिंग धरली आणि ओढली. स्प्रिंग हातात आली, बटन कायमचं गेलं. ती स्प्रिंग बटनाला डाग देऊन जोडलेली असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझी चूक तुम्ही करू नका.

आधी दोष बटनातच आहे का ते बघा. नवे सेल टाका. मागचं झाकण फिरवून काढा. वायरीच्या तुकड्याचं एक टोक सेलच्या बुडाला आणि दुसरं नळीच्या उघड्या, रंग नसलेल्या काठाला लावा. दिवा लागला तर सेल आणि बल्ब चांगले आहेत, दोष झाकणात आहे. वायर एकाच सेलच्या दोन्ही टोकांना मात्र कधी लावू नका, सेल तापतो.

मग झाकणाचे आणि नळीचे आटे कोरड्या फडक्यानं पुसा. पुष्कळदा मळ हाच दोष असतो. सेल गळून पांढरी पूड जमली असेल तर जुन्या दातब्रशनं झाडा आणि हात धुवा.

आता झाकणाच्या आत बघा. स्प्रिंगभोवती एक चकती असते, तिला समोरासमोर दोन खाचा किंवा भोकं असतात. ही चकती ढिली झाली तरी दिवा लुकलुकतो. म्हणून आधी ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आवळून बघा. कित्येक बॅटऱ्या एवढ्यानंच सुरू होतात, उघडायचं कामच पडत नाही.

तरी नाहीच लागली, तर थाळीत पांढरं फडकं अंथरा आणि त्यावर काम करा. दोन्ही खाचांत एकाच वेळी बसतील अशा टोकांचा चिमटा घ्या. चकती काट्याच्या उलट दिशेनं फिरवा. हलली नाही तर जोर लावू नका. काही बॅटऱ्यांचे आटे उलटे असतात, म्हणून हलकेच दुसऱ्या बाजूला फिरवून बघा. खाचाच नसतील तर चकती दाबून बसवलेली असते. तेव्हा बाहेरून, रबराच्या टोपीवर बोथट लाकडी काडी ठेवून आतल्या बाजूला हळू दाबा. सुरी किंवा सुई लावू नका, रबर फाटलं की पावसाचं पाणी आत शिरतं.

जे जसं निघेल तसं थाळीत ओळीनं मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. चकती, बटन, रबर असं निघालं, तर बसवताना रबर, बटन, चकती. पितळी भाग स्वच्छ पुसा. बटन दाबल्यावर टक वाजत नसेल तर ते गेलं समजा. जुनं बटन सोबत नेऊन त्याच मापाचं वणीच्या बाजारातून आणा.

एक सावधगिरी. भिंतीच्या प्लगवर चार्ज होणारी बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना कधीच उघडू नका. आतला सेल फुगलेला दिसला तर हात लावू नका, दुकानदाराकडे न्या.

त्या ताईचं बटन मी मोडलं, म्हणून नवं मीच घेऊन दिलं. पण दुसऱ्या वेळी तिनं स्वतः उघडलं, साफ केलं, बसवलं. घरच्यांनी विचारलं, कुणाकडून करून आणलं? ती म्हणाली, माझ्याच हातानं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरची बंद बॅटरी घेऊन या. उन्हाच्या उजेडात बसून उघडू, म्हणजे अंधारात अडायला नको.