घुमटाचा नाद आणि मुलांची गिटार
(मये येथील गणेशोत्सवातील भाषण)



चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ आणि कांसाळे एकदम घुमू लागली की नवख्या पाहुण्याला तो गोंगाट वाटतो. आम्हा मयेकरांना मात्र त्याशिवाय आरती झाल्यासारखे वाटत नाही. मग आमचीच मुले घुमटाला गिटार आणि संगणकावरच्या घरघरीची जोड देऊन स्वतःची गाणी रचतात, तेव्हा आम्हीच त्याला गोंगाट का म्हणावे?

शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत घरातच चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केली. गीते, चाली, वाद्ये, सारे स्वतःचे. कंपनीची वाट न पाहता स्कूटरवरून हिंडून कॅसेटी दुकानांत पोचवल्या. पुढे २००७ साली पद्मश्री मिळाली.

आणि घुमट तरी जसेच्या तसे कुठे राहिले? या मातीच्या भांड्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले, आता बकऱ्याचे कातडे लावतात. मागच्या तोंडावरची हाताची उघडझाप मात्र तीच आहे. २०१९ साली घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मानही मिळाला.

म्हणून आमची विनंती आहे: विसर्जनाच्या आदल्या रात्री एक तास मुलांना द्यावा. मुलांना अट एकच, आधी आरतीला बसून घुमट शिकावे. ऐकणारे घरचेच नसतील, तर ही मुले गाणार कोणापुढे?

गणपती बाप्पा मोरया!