यंदाची नाटके कोणासाठी?



मृगाचा पाऊस पडला, की तुम्ही बियाणे निवडता आणि आम्ही नाटके. मी एका विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवतो. पुढील वर्षभरात आमच्या रंगमंचावर कोणती गद्य नाटके करायची आणि कोणती संगीत, हे याच दिवसांत ठरते. याला आम्ही नाट्यहंगाम म्हणतो. हंगाम हा शब्द मुळात तुमचा, शेताशिवाराचा. आम्ही तो उसना घेतला खरा. पण घेताना तुमचे पंचांग पाहायचे राहून गेले.

झाले असे, की आमचा हंगाम आजवर दिवाळीनंतर सुरू होई आणि शिमग्याच्या आत आटोपे. प्रयोग रात्री साडेनऊला. मग आम्हीच विचारायचे, खेड्यातला प्रेक्षक का बरे येत नाही? गेल्या वर्षी एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी मला तोंडावर सांगितले, "सर, दिवाळीनंतर आमच्या गावात राहतं कोण? म्हातारी माणसं. बाकी सगळे कोयता घेऊन कारखान्यावर. आणि जे मागं राहतात, त्यांची शेवटची एस. टी. साडेसहाला." मी खजील झालो. इतकी वर्षे आम्ही घर बंद असताना दार ठोठावत होतो!

म्हणून यंदा हंगामाची मांडणीच बदलली आहे. चार नाटके आहेत.

पहिले गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा'. हे 1899 सालचे. भुजंगनाथ नावाचा पैसेवाला म्हातारा, पैशाला भुललेला बाप आणि बापाने म्हाताऱ्याला देऊ केलेली कोवळी शारदा, अशी ही कथा. पुष्कळांना वाटते, की 1929 चा शारदा कायदा या नाटकावरून आला. तसे नाही. ते नाव हरबिलास सारडा या गृहस्थांवरून पडले. त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय 14 ठरवले. आज ते 18 आहे. पण कायदा झाला म्हणजे गोष्ट संपली काय? 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातील विशीच्या पुढच्या तरुणींची माहिती आली आहे. पाचांतल्या एकीचे तरी लग्न अठराच्या आत उरकलेले होते. शिक्षकांना हे आकड्यावाचून कळते. दसऱ्यानंतर वर्गातली एखादी जागा रिकामी होते आणि ती पुन्हा भरत नाही. टोळीबरोबर न्यावी तर काळजी, मागे ठेवावी तर त्याहून काळजी. म्हणून आईबाप पोरीचे हात पिवळे करून टाकतात. त्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण गावात निवाऱ्याची सोय नसेल, तर त्यांनी करावे काय?

म्हणूनच 'शारदा'चे प्रयोग आम्ही दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी ठेवले आहेत. पूर्वी शारदेची भूमिका पुरुष नट करीत. यंदा ती एका ऊसतोड कुटुंबातली विद्यार्थिनी करणार आहे. पहिल्या वाचनाला ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "सर, सातवीत माझ्या बाकावर बसायची ती अशीच गेली." त्यानंतर बराच वेळ पेटीवाल्याने पेटी उघडली नाही.

दुसरे नाटक जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न'. लिहिले 1855 साली. एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून जोशीबुवा लुबाडतात, आणि शेवटी ती नवराबायको रात्रीच्या शाळेची वाट धरतात. या नाटकाला पडदा लागत नाही, दिवे लागत नाहीत. दिवाळीनंतर जे गावात राहतात, त्यांच्यासाठी आम्ही ते शाळेच्या अंगणात, भरदुपारी घेऊन येऊ.

तिसरे संगीत नाटक, 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 1967 सालचे हे नाटक. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे. सदाशिवला गाणे शिकायचे आहे, आणि खांसाहेब शिकवायला तयार नाहीत. मग तो चोरून शिकतो. विद्या कोणाची, घराण्याची की शिकणाऱ्याची? गुरुजी, हा प्रश्न तुमच्या वर्गातही रोज बसलेला असतो. हे मात्र आमच्या नाट्यगृहातच होईल. पण रविवारी दुपारी बारा वाजता, म्हणजे तुमची गाडी चुकणार नाही.

चौथे नाटक अजून लिहून व्हायचे आहे. विषय कोपीवरचा संसार, मुकादम आणि उचल. लिहिणार आमचे विद्यार्थी. तुम्ही म्हणाल, विद्यापीठाने हे कशाला करावे? तर ऐका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1918 साली 'कॅरोलायना प्लेमेकर्स' ही नाटकमंडळी निघाली. तेथील प्राध्यापकांनी मुलांना सांगितले, की स्वतःच्या मुलखातली माणसे लिहा. मुलांनी कुळे लिहिली, कोळी लिहिले, आणि ती नाटके घेऊन मंडळी गावोगाव फिरली. त्यांच्यातला पॉल ग्रीन हा शेतकऱ्याचा मुलगा. पुढे 1927 साली त्याच्या नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपली मुले कमी आहेत काय? हे नाटक चैत्रात, टोळ्या परतल्यावर करू. ज्यांच्यावर लिहिले, ते समोर बसले पाहिजेत. चुकले असेल तर तेच सांगतील.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना 'शारदा'ला आणाल, तेव्हा सातवी-आठवीच्या मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही आणा. जमले तर बापांनाही. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सारांश लिहायला सांगू नका. एवढेच विचारा: शारदेच्या गावात तुम्ही असता, तर काय केले असते? उत्तरे आम्हाला पाठवा. चौथ्या नाटकाला ती लागणार आहेत.

एका नाटकाने लग्न थांबते, असे मी म्हणणार नाही. पण टोळी निघायच्या आदल्या आठवड्यात एखाद्या बापाने "यंदा राहू दे, शिकू दे," असे म्हटले, तर आमचा हंगाम पिकला असे आम्ही समजू.