दिवसाची वीज : मेहेरबानी नको, हिशोब द्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शहरात सध्या विजेवर मोठा वाद चालू आहे. एक म्हणतो, वीज स्वस्त पाहिजे. दुसरा म्हणतो, स्वस्त नसली तरी चालेल, पण खात्रीची पाहिजे. बटण दाबले की दिवा लागला पाहिजे. तिसरा म्हणतो, कोळशाच्या धुराने हवामान बिघडले, तेव्हा वीज धुराविना पाहिजे. आणि तिघे मिळून सांगतात की या तिन्ही गोष्टी एकदम मिळायच्या नाहीत. या वादात शेतकऱ्याला कोणी विचारलेले नाही. म्हणून आपणच सांगू. शेतीपंपापुरते बोलायचे तर या तिन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात. मात्र आपण हिशोब मागितला तरच.

आपल्याला वर्षानुवर्षे मिळाली ती उरलेली वीज. औष्णिक केंद्राची भट्टी दिव्यासारखी चालू-बंद करता येत नाही. रात्री शहराची आणि कारखान्यांची मागणी उतरते, भट्टी मात्र पेटलेलीच असते. मग ती वीज शेतीच्या फीडरवर सोडायची. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री, असे वेळापत्रक आपल्या माथी मारले गेले. हातात बॅटरी घेऊन उसात दारे धरायला जायचे. साप-विंचू आहेतच, जुन्नरकडे बिबट्याही आहे. साहेबांच्या घरातला पंखा रात्री चालावा म्हणून कोणी त्यांना जंगलातून चालवत नाही.

रात्री कोण जागणार, म्हणून मोटारीला ऑटो स्विच लावला. थ्री फेज आली की शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम उठतात. सारा भार एका क्षणी डीपीवर पडतो, दाब उतरतो. दाब उतरला की मोटार जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळते. डीपी जळाली तर सारे शिवार कोरडे. मोटार भरून आणायचा खर्च, वाळलेल्या पिकाचे नुकसान, रात्रीचे जागरण, यांपैकी काहीही वीजबिलावर छापलेले नसते. म्हणजे ज्याला स्वस्त म्हणतात ती वीज आपल्याला कधीच स्वस्त पडली नाही.

वर आपल्यालाच फुकटे म्हणतात. बहुतेक पंपांना मीटर नव्हते, अश्वशक्तीवर बिल येई. मग कुठेही गळालेली, कोणीही चोरलेली वीज शेतीच्या खात्यावर टाकणे सोपे होते. १९९९ साली राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि २००० साली विजेच्या दरावर जाहीर सुनावणी झाली. तेव्हा मंडळ सांगत होते त्यापेक्षा गळती कितीतरी जास्त निघाली आणि शेतीचा वापर फुगवून दाखवल्याचे उघड झाले. जाहीर हिशोब मागितला की काय बाहेर पडते, याचा हा दाखला आहे.

आता २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आली आहे. ४४ लाख शेतकऱ्यांना, मार्च २०२९ पर्यंत. ज्याचे बिल थकले होते त्याला बरे वाटले असेल, त्यात काही गैर नाही. पण रात्री दोन वाजता येणारी वीज फुकट मिळाली, तरी ती दोन वाजताच येते. शिवाय मोफत वस्तूबद्दल तक्रार करायला गेले की वायरमनसुद्धा वर बघून हसतो. पैसे मोजणारा गिऱ्हाईक असतो. फुकट घेणाऱ्याला रांगेत उभे करतात.

खात्रीची वीज कोणत्याही किमतीला घ्या, असे सांगणाऱ्यांचेही आपण ऐकून पाहिले आहे. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आठवा. १९९३ च्या डिसेंबरात करार झाला. वीज घ्या न घ्या, ठरलेला आकार द्यायचाच. आणि दर डॉलरशी बांधलेला. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढच्याच वर्षी युनिटचा दर काही महिने सात रुपयांच्या वर गेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणेच थांबवले. खात्रीसाठी केलेला करार, आणि वीजही गेली, पैसाही गेला. करार वाचल्याशिवाय अंगठा उठवू नये, हे सावकाराच्या पेढीवर आपण शिकलो होतो. सरकार ते तिथे शिकले.

आणि कोळसा? चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याची वीज राज्यभर जाते, राख मात्र तिथल्याच शिवारावर बसते. २०२२ च्या जुलै महिन्यात नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतात शिरला. धुराचा प्रश्न हा शहरातल्या हौशी लोकांचा प्रश्न आहे, असे समजू नका. अवकाळी आणि गारपीट आधी कोणाच्या द्राक्षावर पडते?

आता तिन्ही गोष्टी कशा जुळतात ते सांगतो. शहराला दिवा सूर्य मावळल्यावर लागतो, म्हणून सौर वीज शहराला अडचणीची. आपल्याला पाणी दिवसा द्यायचे असते. ऊन असते तेव्हाच पिकाला तहान लागते. पावसाळ्यात ढग आले तर पंपाची गरजही कमी. दिवसाची वीज साठवायला बॅटरी नको, आपण ती पाण्याच्या रूपाने जमिनीत साठवतो. म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ साली ती वाढवण्यात आली. उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर पट्ट्या बसवायच्या आणि तिथूनच शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. अशा प्रकल्पांचे जे ठेके दिले गेले त्यांत युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास आला, आणि तो २५ वर्षांसाठी बांधलेला आहे. कोळसा महागला, डॉलर चढला, तरी तो बदलत नाही. लांबून वीज आणताना होणारी गळतीही वाचते.

दुसरी वाट स्वतंत्र सौर पंपाची. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. जिथे तार पोचतच नाही, तिथे हा पंप वरदान आहे. पण पंपाची ताकद ठरते जमिनीवर : अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. बंधूंनो, बोअरचे पाणी सातबारा बघून वर येत नाही. दोन एकरवाल्याचे पाणी चारशे फुटांवर असेल तर ३ अश्वशक्तीने काय करायचे? आणि पंप बंद असतो त्या दिवशी त्या पट्ट्यांची वीज वाया जाते. फीडरवर असती तर शेजाऱ्याच्या कामी आली असती.

कोणी विचारेल, संध्याकाळी गावाला दिवा आणि पिठाच्या गिरणीला वीज कुठून? ती काही एकट्या सूर्याकडून येणार नाही. कोयना आहे. अकोले तालुक्यात घाटघर आहे, २५० मेगावॅटचे. मागणी कमी असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. कोळसाही काही वर्षे लागेल. पण शेतीपंपाला दिवसा कोळशाची गरज उरणार नाही, एवढे आज करता येते.

तेव्हा मागणी काय करायची?

एक, हंगामात दिवसा आठ तास सलग, पूर्ण दाबाची वीज. वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लेखी, आणि ते मोडले तर भरपाई.

दोन, प्रत्येक शेती फीडरच्या मीटरचे वाचन दर महिन्याला गावात जाहीर करा. आमच्या नावावर किती युनिट लिहिले ते आम्हाला कळू द्या.

तीन, सौर पंप की तारेची जोडणी, हे शेतकरी ठरवील. पंपाची ताकद पाण्याच्या खोलीवर ठरेल.

चार, प्रकल्पाला जमीन द्यायची तर पडीकच द्या. ठरलेले भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरसाल ३ टक्के वाढ. करार मराठीत, भाड्याची तारीख नक्की, आणि मुदत संपल्यावर खांब उपटून जमीन मोकळी करून देण्याची जबाबदारी कंपनीची, हे त्यात लिहून घ्या.

उद्या आपापल्या गावी गेलात की पहिले काम हे करा. आपल्या फीडरचे नाव विचारा, आणि गेल्या महिन्यात दिवसा किती तास वीज आली ते वहीत लिहा. पुढच्या मेळाव्याला भाषण ऐकायला येऊ नका. ती वही घेऊन या. साऱ्या गावांच्या वह्या एकत्र झाल्या की आपण उपकेंद्राच्या दारात जाऊ, आणि मग हिशोब तेच देतील.